सावरखुट्याच्या पुलाला अनुमोदन

बाबा वारले त्याच्या आदल्या दिवशी आमचं घर पाच खोल्यांचं होतं. ते निवडणूक जिंकले की घराला पुढच्या बाजूने एक खोली वाढायची, हरले की पुढचीच एक जायची. मूळच्या दोन. पाच वेळा जिंकले, दोनदा हरले. गावात कुणाला याचं नवल नव्हतं. नगरपालिका दर निकालानंतर माणूस पाठवून घरपट्टी नव्याने लावून घ्यायची.

त्या दुपारी आम्ही सर्वांत पुढच्या खोलीत उकडलेल्या शेंगा खात बसलो होतो. बाबा टरफलं माझ्या ताटलीत टाकत होते.

"शोभे, शेंगा संपल्या की चहा घ्यावा, अशी सूचना मी मांडतो."

घरात ते असंच बोलत. आमच्याकडच्या सभेत अध्यक्ष कोण हे पत्रिकेवर छापलेलं असतं, ते समोर येऊन उभेही असतात, तरी एकाने उठून त्यांचं नाव सुचवायचं आणि दुसऱ्याने उठून अनुमोदन द्यायचं. त्याशिवाय खुर्चीत बसता येत नाही. आयुष्यभर सभा केलेला माणूस ही रीत घरी घेऊन आला होता. अनुमोदन आईचं असायचं. कणीक मळताना, ओठांत टाचण्या धरून ब्लाउज बेतताना, एकदा तर तापाने फणफणलेली असताना अंथरुणातून ती म्हणाली होती, "माझं अनुमोदन आहे."

आई गेल्यावरही बाबा सूचना मांडत राहिले. मी चहा करायचे, पिठलं टाकायचे, पंखा लावायचे. अनुमोदन दिलं नाही. ते आईचे शब्द होते, आणि माझ्या तोंडी ते आले असते तर ती खरंच गेली असं झालं असतं.

अनुमोदन न मिळालेली सूचना बारगळते म्हणतात. आमच्याकडे ती पडून राहायची. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग साचला होता. केर काढताना मी तो उचलायचे, जागा पुसून पुन्हा तिथेच ठेवायचे. शेंगांच्या टरफलांइतक्याच हलक्या होत्या त्या.

चहा झाल्यावर बाबा म्हणाले, "उद्या सकाळी सावरखुट्याला जाऊन यावं, अशी सूचना मी मांडतो."

सावरखुटा नदीपलीकडे आहे. मतदारसंघात बाबांनी शाळा आणल्या, दवाखाना आणला, कापसाचं केंद्र आणलं, पण सावरखुट्याचा पूल त्यांना आणता आला नाही. प्रत्येक अधिवेशनात त्यांनी तो मागितला आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं, बाब विचाराधीन आहे. तरी सावरखुट्याची मतपेटी डोंग्यातून अलीकडे यायची ती बाबांच्या मतांनी काठोकाठ भरून. "पूल केला असता तं त्यायनं याले ओळखलंही नसतं," असं समोरचे टाले वकील म्हणायचे. सातही वेळा बाबांच्या विरोधात तेच उभे होते.

"या उन्हात कुठे जाता?" मी म्हटलं. "डोंगावाला पण राहिला नाही आता."

"ते मी विचारलं नाही. अनुमोदन विचारलं."

मी कपबशा उचलून आत गेले. सूचना कोपऱ्यातल्या ढिगावर जाऊन पडली.

सकाळी ते वारलेले होते.

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट करत होते, तेवढ्यात शेषराव आला. कपाळभर गुलाल होता. बाबांच्या सातही निवडणुकांत जीपवरच्या भोंग्यातून हाच ओरडला होता, आणि तेव्हापासून त्याचा आवाज खाली आलेला नव्हता. पाणी मागायचं तरी तो दोन गल्ल्यांना ऐकू जाईल असं मागायचा.

"ताई, मतमोजणी सुरू झाली! पयल्या फेरीत भाऊ आघाडीवर!"

"ते गेले, शेषराव."

"कुठं गेले? थेच तं ठरून राहिलं. भाऊंनं जावं का नाही, याचंच मतदान हाये."

"समोर कोण आहे?"

शेषरावाने खाली पाहिलं. त्याचा आवाज हळू झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

"तुम्ही, ताई."

मी अर्ज भरला नव्हता, असं त्याला सांगितलं.

"याचा अर्ज नसते. ज्याले वाटते भाऊंनं जाऊ नये, थो उमेदवार. आन बिनविरोध तं भाऊंले जमत नाही, तुमाले मालूम हाये."

ते खरं होतं. एका वर्षी टाले वकिलांचा अर्ज एका सहीवाचून बाद होणार होता. बाबांनी स्वतः माणूस पाठवून ती सही आणवली. त्या वर्षी बाबा हरले.

बाहेर गल्ली माणसांनी भरली होती. प्रत्येकाच्या बोटावर ओली शाई होती. कुणी रडत नव्हतं. बायका खिडकीपाशी येऊन मला म्हणत होत्या, "ताई, राग मानू नका जी. भाऊंले दिलं."

पहिल्या फेरीचा निकाल लागला. पुढच्या भिंतीत दार झालं आणि पलीकडे नवी खोली होती, ओल्या गिलाव्याचा वास येणारी. नव्या खोलीत पहिली झोप निवडून आलेल्या उमेदवाराने घ्यायची, ही आमच्या घरची पद्धत. म्हणून कार्यकर्त्यांनी बाबांची खाट उचलली आणि पुढे नेली. त्याच वेळी मागचं स्वयंपाकघर गेलं. ती माझी हरलेली खोली होती, आणि मी मागची उमेदवार असल्यामुळे माझी मागून जात होती. दूध तापत ठेवलं होतं, तेही गेलं. तिथे आता शेजाऱ्यांचा कडुनिंब दिसत होता.

दुसरी फेरी. पुढे एक खोली आली, मागे एक गेली. घर गल्लीतून दोन खोल्यांनी पुढे सरकलं होतं.

मला समजलं की थांबता येणार नाही. कोपऱ्यातला सूचनांचा ढीग मी ओच्यात घेतला आणि खाटेच्या मागे निघाले. पण मी एक खोली ओलांडेपर्यंत बाबा पुढच्या खोलीत गेलेले असायचे.

घर आता मिरवणुकीसारखं चाललं होतं. ताशे वाजत होते. गल्ली अरुंद होती, तर लोक आपापले ओटे आत ओढून घेत होते. खिडक्यांतून गुलाल येत होता. शेषराव भोंगा घेऊन पुढे धावत होता, "त्र्यंबकराव उमाळे! प्रचंड मतांनी! प्रचंड मतांनी!" मी हरत होते, आणि तरी ताशाबरोबर माझी पावलं पडायला लागली होती. ती मला थांबवता आली नाहीत.

टाले वकील काठी टेकत घराच्या बाजूने चालत होते. खिडकीतून ते माझ्याशी बोलत.

"कसं वाटते पडून?"

"वाईट वाटतं, काका."

"मी पाच खेपा पडलो याच्यापुढं. पयल्यांदा लागते. मंग लोकं म्हणतात, वकिलाले सवय झाली. खोटं हाये थे. पाचव्या खेपीलेही तेवढंच लागते." ते दम घ्यायला थांबले, आणि घर पुढे गेलं म्हणून पुन्हा चालू लागले. "पण एक सांगतो. याच्यासमोर पडाची इज्जत होती."

मशीन राहिलं म्हणून मी तेव्हा मागे, पहिल्या विजयाच्या खोलीत आले होते. तिथे आईचं शिलाई मशीन होतं. बाबा पहिल्यांदा हरले तेव्हा ही खोली मशीनसकट गेली आणि समोर टाले वकिलांच्या घराला लागली. आई म्हणाली, जाऊ द्या, हाताने शिवीन. पाच वर्षं आम्हाला गल्लीपलीकडून मशीनचा आवाज ऐकू यायचा. वकिलांच्या सरूबाई शिवत असायच्या. पुढच्या निकालाला खोली परत आली, तेव्हा मशीनवर सरूबाईंचं अर्धं शिवलेलं ब्लाउज होतं. आईने ते पुरं केलं, हूक लावले, घडी घातली आणि पाठवून दिलं. त्याच पाच वर्षांत सरूबाईंनी माझा शाळेचा झगाही शिवला होता. निरोप आला होता की पोरगी वाढली, माप पाठवा.

"काका, ही खोली आता जाईल," मी म्हटलं. "मशीन घेता का?"

वकिलांनी काठी काखेत धरली. आम्ही दोघांनी मिळून मशीन खिडकीतून बाहेर काढलं. ते रस्त्यावर मशीनपाशी उभे राहिले. मी पुढच्या खोलीत पाय ठेवला आणि मागे फक्त रस्ता राहिला, त्यावर वकील आणि मशीन.

"पोरी," ते ओरडले, "तुयं डिपॉझिट जाते आता!"

गाव संपलं. पुढे कपाशी होती, मग काठावरची बाभळीची रांग, मग नदी. फेऱ्या चालूच होत्या. बाबांच्या शाळांची गावं मोजून झाली, दवाखान्याची मोजून झाली. खोल्या पाण्यावरून पुढे जाऊ लागल्या. त्यांना खाली खांब नव्हते, पण जिंकलेली खोली कधी पडलेली कुणी ऐकलं नव्हतं. कार्यकर्त्यांनी शेवटच्या वेळी खाट जोराने पुढे ढकलली, मागे काठावर उड्या टाकल्या आणि ते तिथेच नाचू लागले.

शेषरावाचा आवाज भोंग्यातून पाण्यावर आला. "निकाल जाहीर! भाऊ निवडून आले! ताईचं डिपॉझिट जप्त!"

डिपॉझिट म्हणजे माझ्याकडे उरलेल्या खोल्या. त्या एकदम गेल्या. मी उंबऱ्यावरून आत उडी घेतली, आणि नदीच्या मध्यावर एकच खोली राहिली. तिच्यात बाबा होते.

ते वारलेले होते, पण विजयी उमेदवाराने हार बसून घ्यायचा असतो, म्हणून खाटेवर बसलेले होते. गळ्यात हारच हार होते. टोपीवर गुलाल होता. मी इतका आनंदी त्यांचा चेहरा एकदाच पाहिला होता, पहिल्या निकालाला, मी त्यांच्या खांद्यावर बसले होते तेव्हा.

मी त्यांच्याशेजारी बसले. खोली लहान होती. माझे गुडघे समोरच्या भिंतीला टेकत होते. भिंतीतल्या झरोक्यातून पलीकडचा काठ दिसत होता. सगळा सावरखुटा तिथे उभा होता. म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, गळ्यात ताशे अडकवलेले लोक. ते वाजवत नव्हते. काड्या हातात धरून ते आमच्याकडे बघत होते.

पुढची खोली येत नव्हती.

"शेषराव," मी मागच्या दारातून ओरडले, "निकाल लागला ना? मग थांबलं का?"

"पूल मतानं होत नाही, ताई!" भोंगा म्हणाला. "पूल ठरावानं होते! सूचना मांडलेली हाये! अनुमोदन नाही!"

"तू दे."

"घरातल्याचं लागते!"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते भिंतीकडे बघत होते, अधिवेशनात उत्तराची वाट बघताना बघत असतील तसे.

"सावरखुट्याला जाऊन यावं," ते म्हणाले, "अशी सूचना मी कालच मांडली आहे."

"ऐकली होती मी," मी म्हटलं.

खाली पाणी वाहत होतं. मी गप्प बसले असते तर ही खोली इथेच राहिली असती. आम्ही दोघं तिच्यात राहिलो असतो. ते सूचना मांडत राहिले असते, पंखा लावावा, खिडकी उघडावी, आणि मी त्या गोळा करत राहिले असते. मला ते चाललं असतं. मला ते हवं होतं. त्यासाठीच मी उभी होते त्यांच्याविरुद्ध, आणि एकटं माझंच मत मला पडलं होतं.

पलीकडच्या काठावर एका म्हाताऱ्याने ताशाची काडी उचलली होती. ती त्याने किती वर्षं उचलून धरली होती, मला माहीत नव्हतं.

मी ओचा सोडला. सूचना खोलीभर पसरल्या आणि वाऱ्याने मागच्या दारातून नदीवर जाऊ लागल्या. चहाच्या, पिठल्याच्या, पंख्याच्या. सगळ्यात वरची, कालची, मी हातात धरून ठेवली.

बाबांनी टोपी सारखी केली. खाटेखालून चपला पायाने ओढून त्या घातल्या. ते उठले आणि समोरच्या भिंतीवर, जिथे अजून दार नव्हतं तिथे, त्यांनी तळहात टेकला. गिलावा ओला होता. त्यांची बोटं त्यात उमटली.

मी उभी राहिले. अनुमोदन बसून देत नाहीत.

"माझं अनुमोदन आहे," मी म्हणाले.