चार रविवारची नाळ

मित्रांनो, मला अक्षर ओळखता येत नाही. पण रक्त वाचायला सांगा, भल्याभल्यांना मागे टाकीन. ऑकलंडमधल्या एका इस्पितळाच्या तळमजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम. पुस्तकातलं माझं नाव सूक्ष्मदर्शिका. इथे सगळे म्हातारी म्हणतात. म्हणू देत! कारागिरांनी पितळ ओतून, भिंगं घासून मला घडवलं, तेव्हा यांच्यातले निम्मे जन्मलेही नव्हते.

माझी मालकीण डॉक्टर नोरीन टेलफर. ज्यांच्या पांढऱ्या पेशींत जन्मतःच खोट असते, अशा लेकरांसाठी तिने आयुष्य वेचलं. पांढऱ्या पेशी म्हणजे रक्तातले राखणदार. जंतू शिरले, की रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडायचं आणि त्यांच्यावर तुटून पडायचं. लढून मेले, की त्यांचाच पू होतो. वीस वर्षं नोरीन माझ्या भिंगाला डोळा लावून बसली. लोक मला बघायला यायचे. मग वरच्या मजल्यावर विजेची नवी यंत्रं आली आणि माझ्या वाट्याला धूळ आली. भिंगावर बुरशी चढली, तरी कोणी विचारीना. नोरीन तेवढी मऊ कागदाने पुसून जायची.

अशात इओआने आला. सहा आठवड्यांचं, सामोआ बेटांवरून आलेल्या घरातलं बाळ. बेंबी चिघळलेली, ताप हटेना. त्याचे दोन भाऊ असेच तान्हेपणी गेले होते. आई, फेतुआओ, रडून रडून सुकली होती. त्यात वॉर्डातली एक नर्स तिला तोंडावर म्हणाली, "स्वच्छता पाळली असती तर ही वेळ आली नसती."

बाळाचं रक्त माझ्यासमोर आलं. राखणदारांची ही गर्दी! मग बेंबीच्या जखमेतला नमुना आला. त्यात जंतूच जंतू, राखणदार एकही नाही. सहायक ब्रायनने वरवर बघितलं. "नमुनाच नीट घेतला नाही," म्हणाला आणि काच कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी दुसरा नमुना आला, तोही तसाच गेला. मी सगळं बघत होते, मित्रांनो. पण मला तोंड कुठे आहे? अशा नमुन्यांत वेळ जात होता आणि बाळाचं रडणं बारीक होत चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी नोरीनने फेतुआओला आणि तिच्या आईला, मालिएला, माझ्याच टेबलाशी बसवलं. घराण्याच्या आजारांचा लांबलचक कागद काढला.

"घरात कुणाला दमा? क्षय?"

"अहो बाई," मालिए म्हणाली, "किती कागद भरणार? ताप विचारलात, दात विचारलेत, कोंबड्या पाळता का तेही विचारलंत. पोराची नाळ मी कधी पुरली, ते नाही विचारायचं?"

"आई, गप्प बस ना!"

"तू गप्प. तुझीसुद्धा पुरताना मीच होते."

नोरीनचं पेन थांबलं. "सांगा आजी."

"मुलाची नाळ अळूच्या वाफ्यात पुरली, की पोरगा कष्टाळू निघतो. मी रविवारी चर्चहून आले की पुरते. याच्या बहिणीची पहिल्याच रविवारी पुरली. पण या तिघा भावांची गळेचना! थोरल्याला चार रविवार, मधल्याला पाच, याला पुन्हा चार. मी आपली फावडं घेऊन बसलेली. शेजारीण म्हणते कशी, आळशी निघणार ग तुझे नातू!"

नोरीन ताडकन उठली. "ब्रायन, जखमेचे नमुने कुठायत?"

"टाकले. पांढऱ्या पेशी एकही नव्हती त्यांत, रिकामेच होते."

"अरे, ते रिकामेपणच तर उत्तर होतं!"

मग ती खाली बसली आणि फेतुआओला समजेल असं सांगू लागली. नाळ गळायलाही राखणदार लागतात. या बाळाचे राखणदार रक्तात वाहतात, पण भिंतीला धरायचा आकडाच त्यांना नाही, म्हणून बाहेर पडता येत नाही. ही खोट आईबापांकडून मिळून आलेली.

"म्हणजे माझे हात घाण नव्हते?" फेतुआओने विचारलं.

"नाही ग. तुझ्या हातून काहीच चुकलं नाही."

"हे त्या नर्सला सांगा," मालिए म्हणाली. "मोठ्याने. मी दार अडवून उभी राहते."

राखणदार घडतात ते हाडांतल्या मज्जेत; बहिणीची अस्थिमज्जा जुळली. ती बाळाला दिली, तरी कित्येक आठवडे काही खरं नव्हतं. मालिए रोज खाली यायची, माझ्याकडे रोखून बघायची आणि परत बाळाकडे जायची. मग एके सकाळी बाळाच्या पायाला, सुई टोचलेल्या जागी, बारीकशी पुळी आली. तिच्यातला नमुना नोरीनने माझ्याखाली ठेवला. बघितलं, पुन्हा बघितलं आणि मालिएला पुढे ओढलं.

"हे काय भरलंय एवढं?"

"पू, आजी."

"आणि पू बघून रडताय? डॉक्टर ना तुम्ही?" असं म्हणाली खरी, पण भिंगावरचा डोळा काही हलवीना. माझी काच ओली झाली, ती तिच्याच डोळ्याने.

मित्रांनो, म्हातारीला अधूनमधून पुसा, झाकून ठेवा, एवढंच माझं मागणं. पण काचेवर काही दिसलं नाही म्हणून ती लगेच फेकू नका. आणि घरातलं बाळ आजारी पडलं, की त्याला न्हाऊ घालणारीला आधी विचारा.