पाण्याच्या रंगाचा

मित्रांनो, बाकीच्या वस्तू आपली गोष्ट सांगताना कशा छाती पुढे काढून सांगतात! छत्री सांगते, मी अमक्याला कोरडं ठेवलं. खुर्ची सांगते, माझ्यावर कोण कोण बसून गेलं. माझं तसं नाही. मला मान नाही, नुसता गळाच आहे. पण मान असती तर ती खाली घालूनच मी हे सांगितलं असतं.

मी सहा वर्षांच्या मुलीचा पोहण्याचा पोशाख आहे. रंग फिकट निळा. कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्याच्या वर थांबणारे पाय. आयुष्यात एकदाच पाण्यात उतरलो, आणि तेही तासभर नाही.

माझा जन्म रफूच्या दुकानात झाला. दुकान कसलं, एक खोली. रस्त्याकडे खिडकी, खिडकीशी शिलाई मशीन, आणि भिंतीवरच्या फळीवर रंगांप्रमाणे लावलेली रिळं. तिथे बसणारीला सगळी गल्ली मावशी म्हणायची, पण खरी मावशी ती एकाच मुलीची, भिंगरीची. भिंगरी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची लेक. एका जागी म्हणून उभी राहायची नाही, म्हणून हे नाव पडलं.

मावशीच्या हाताला तोड नव्हती. इस्त्रीने जळलेली पँट आणा, उंदराने कुरतडलेली शाल आणा, ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची आणि भोक असं भरून द्यायची की ते कुठे होतं हे गिऱ्हाइकालाच सापडू नये. गिऱ्हाईक कपडा उलटापालटा करायचं, उजेडात धरायचं आणि शेवटी हात टेकायचं. मावशी गालातल्या गालात हसायची. "दिसलं तर ते काम कसलं?" असं तिचं म्हणणं. रंगाला रंग असा मिळवायचा की नजर त्यावरून घसरून जावी. हे तिला इतकं छान जमायचं की दुसरं काही सुचायचंच नाही.

त्या उन्हाळ्यात भिंगरीचं नाव पोहण्याच्या वर्गात घातलं. तलाव उघड्यावरचा, चारी बाजूंना बाकं आणि तळाला फिकट निळ्या फरशा. भिंगरीची आई सकाळी कामावर जायची, म्हणून ने-आण मावशीकडे आली. आईने दुकानातून एक भडक केशरी कॉस्च्यूम आणला, आणि मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"अगं ताई, घरात शिवणारी असताना विकतचा? आणि रंग तरी बघ! रस्ता खणणारे जाकीट घालतात तसला."

"बाईंनीच सांगितलंय भडक घ्या म्हणून," ताई म्हणाली. "पोरं पटकन दिसली पाहिजेत म्हणे."

"बाईंना पोहण्यातलं कळतं. रंगातलं काय कळतंय त्यांना?"

बाई म्हणजे पोहणं शिकवणाऱ्या बाई. केस पांढरे झाले होते, पण आवाज खणखणीत. त्यांच्याकडे पंधरा मुलं होती आणि नावं पाठ व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिला आठवडा त्या मुलांना रंगांवरून मोजायच्या. काठावर उभं राहून, दर मिनिटाला, बोट फिरवत म्हणायच्या, "पिवळा, गुलाबी, पोपटी, केशरी..." केशरी म्हणजे आमची भिंगरी. मावशी बाकावर बसून हे चार दिवस ऐकत होती. पण कानाने ऐकलेलं डोक्यात शिरायलाही जागा लागते, आणि तिच्या डोक्यात तेव्हा फक्त मी होतो.

तिसऱ्या दिवशी तिने पिशवीतून ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या पाच चिंध्या नेल्या. मुलं पलीकडच्या टोकाला पाय मारत होती, तेव्हा ती काठावर बसून एकेक चिंधी पाण्यात धरून बघू लागली. चार दिसल्या. पाचवी पाण्यात गेली आणि गेलीच. बोटांना कळत होतं की चिंधी हातात आहे, डोळ्यांना कळत नव्हतं. मावशी एकटीच हसली आणि म्हणाली, "हाच!"

दोन दुपारी मशीन चाललं आणि मी झालो. खोटं कशाला बोलू, बाकी सगळं तिने नीट केलं. खांदे उन्हाने भाजू नयेत म्हणून बाह्या लांब ठेवल्या. इलॅस्टिक काचणार नाही असं बसवलं. कुठे अडकेल अशी नाडी, फीत, झालर काही लावलं नाही. ओला झाल्यावर लोंबेन की काय म्हणून मला बादलीत भिजवून, ओढून पाहिलं. चुकला तो फक्त रंग, आणि तो चुकून चुकलेला नव्हता. तो हौसेने निवडलेला होता.

भिंगरीने मला घातलं आणि आरशासमोर गिरक्या घेतल्या. मावशी तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "आईला एवढ्यात सांगायचं नाही हं. रविवारी घालून दाखवू. आपली गंमत!" भिंगरीने ओठांवर बोट ठेवलं.

आणि मी? मी तर पार शेफारून गेलो होतो. दोरीवर तो केशरी वाळत होता, त्याच्याकडे बघून मला हसू येत होतं. कसला ओरडतो हा, असं मला वाटलं. मित्रांनो, हे आठवलं की आज माझ्या शिवणी आवळतात.

पाचव्या दिवशी भिंगरी टॉवेल गुंडाळून तलावावर आली. टॉवेल बाकावर टाकला आणि धावत पायऱ्या उतरून पाण्यात शिरली. बाई तेव्हा पाठमोऱ्या होत्या, एका मुलाच्या चष्म्याचा पट्टा सोडवत होत्या. त्यांनी मला पाहिलंच नाही.

उथळ भागाच्या शेवटी दोर बांधलेला होता. भिंगरीचं लक्ष दोरापलीकडे, नेहमीसारखं. ती दोराला धरून उड्या मारता मारता खालून पलीकडे गेली, पाय टेकायला गेली, आणि तिथे तळ नव्हता.

मला कळलं. मी तिच्या अंगाला चिकटलेलो होतो, मला कसं कळणार नाही? तिचं काळीज माझ्या आत धाडधाड उडत होतं. बुडणारं माणूस ओरडतं, हात आपटतं, असं तुम्हाला वाटत असेल. भिंगरीने ओरडायला तोंड उघडलं आणि त्यात पाणीच गेलं. वर सगळं शांत होतं.

बाई मोजत होत्या. "पिवळा, गुलाबी, पोपटी..." आणि अडखळल्या. केशरी शोधू लागल्या. त्यांची नजर आमच्यावरून गेली, परत फिरली, पुन्हा आमच्यावरून गेली. मावशीही बाकावरून उठून बघत होती. तिलाही काही दिसेना. वर नुसतं हलणारं निळं पाणी. मुलीला पाण्याने लपवलं नव्हतं, मित्रांनो, मी लपवलं होतं.

खोल भागात एक पेन्शनर आजोबा उताणे पोहत होते. त्यांच्या टाचेला काहीतरी मऊ लागलं. त्यांनी दचकून हात खाली घातला आणि भिंगरीला बगलेत धरून वर काढलं. तोवर बाईंनी उडी मारली होती. काठावर आणून त्यांनी तिला कुशीवर वळवलं, तोंडातलं पाणी काढलं, त्यांचे डोळे तिच्या ओठांवरून हलले नाहीत. भिंगरी खोकली, ओकली आणि मग जे भोकाड पसरलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मावशीने तिच्यावर टॉवेल टाकला आणि तिला, मला, सगळ्यांनाच छातीशी घट्ट धरलं.

गाडी येईपर्यंत तिने भिंगरीचे कपडे बदलले. मला पिळलंसुद्धा नाही. पिशवीच्या तळाशी कोंबलं.

दवाखान्यात भिंगरीला एक दिवस ठेवून घेतलं. बाई तिथे आल्या होत्या, ओल्याच कपड्यांनी. तेवढ्यात ताई कामावरून धावत आली, आणि पोरगी बरी आहे हे कळल्यावर तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"एवढा भडक केशरी कपडा घातलेली पोर तुम्हाला दिसली नाही? डोळे कुठं होते तुमचे?"

"मी बघत होते हो," बाई म्हणाल्या. "मी त्या बाजूलाच बघत होते."

"बघत होता आणि दिसली नाही? काय ऐकते मी हे!"

मावशी हातभर अंतरावर उभी होती. मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून ठिबकत होतो, फरशीवर थेंब पडत होते. तिने तोंड उघडलं. मिटलं. आणि मूग गिळून उभी राहिली. मला वाटलं, आता तरी पिशवी फाटावी आणि मी सगळ्यांसमोर पडावं. पण तिची शिवण, ती कशाला फाटतेय?

गोष्ट गावभर झाली. आयांनी मुलं वर्गातून काढली. बाईंनी शिकवणं सोडलं, की सोडायला लावलं, ते नक्की माहीत नाही. त्या तलावाच्या तिकीट खिडकीत बसू लागल्या, एवढं कानावर आलं.

मला बटणांच्या डब्याखाली, जुन्या अस्तरांत ठेवलं होतं. मावशी मला काढत नव्हती आणि जाळतही नव्हती. दुकान चालू होतं, रफू पूर्वीसारखीच बेमालूम व्हायची. पण गिऱ्हाईक भोक शोधू लागलं की तिचं हसू कुठल्या कुठे जायचं. "इथं होतं," असं म्हणून ती स्वतःच बोट ठेवायची. गिऱ्हाईक निघून गेलं की कितीतरी वेळ मशीनचा आवाज यायचा नाही.

वर्ष गेलं. पुन्हा उन्हाळा आला. एका दुपारी भिंगरी उड्या मारत दुकानात शिरली.

"मावशी, आई म्हणाली यंदा परत पोहायला जायचं! मी आता घाबरत नाही. माझा निळा कुठंय?"

मावशीच्या हातात इस्त्री होती. ती तशीच राहिली.

"तोच घालते मी," भिंगरी म्हणाली. आणि मग हळूच, डोळे मिचकावून म्हणाली, "मी आईला अजून सांगितलं नाही हं. आपली गंमत आहे ना!"

"वर्षभर नाही सांगितलंस?"

"तू सांगू नको म्हणालीस ना."

सहा वर्षांच्या पोरीच्या पोटात पाणी गेलं, ती दवाखान्यात झोपली, आईचा आरडाओरडा तिने ऐकला, आणि तरी मावशीला दिलेला शब्द पाळला. आणि मावशीने काय पाळलं? ती रडली नाही. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं, मला डब्याखालून ओढून काढलं, भिंगरीचा हात धरला आणि तडक ताईचं घर गाठलं.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. मावशीने मला पलंगावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, कुठेही रंग न लावता. ताईने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

"मी त्या बाईंना काय काय बोलले, आठवतंय तुला?" ती म्हणाली. "तू तिथंच उभी होतीस."

"होते."

"उद्या सकाळी जा. एकटी जा. मी नंतर येईन माझ्या तोंडाने माफी मागायला."

दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीपाशी मावशीने मला काचेखालच्या फटीतून आत सरकवलं. बाई आधी कपड्याकडे बघत राहिल्या, कुणाचं तरी विसरलेलं सामान असावं तशा.

"त्या दिवशी भिंगरीने केशरी घातला नव्हता," मावशी म्हणाली. "हा घातला होता. मी शिवला, मीच बदलला. पाण्यात दिसू नये असा रंग निवडला आणि त्याचं मला कौतुक वाटलं. आणि वर्षभर मी तोंड उघडलं नाही."

बाईंनी मला उचललं. त्यांची बोटं थंड होती. "केशरी नव्हता?"

"नव्हता."

"नक्की ना?"

"नक्की."

त्यांनी मला उलटापालटा करून पाहिलं. मग एकदम बोलायला लागल्या. "मी दोन डॉक्टरांना डोळे दाखवले. दोघं म्हणाले, नजर उत्तम आहे. मला खरं वाटेना. केशरी कपड्यातलं पोर समोर असून दिसत नाही, मग मला उद्या काय दिसणार? वर्ष झालं, नातवाचा हात धरून मी रस्ता ओलांडत नाही. सुनेला सांगते, तू ने बाई, माझा भरवसा नाही."

मावशीचा बांध फुटला. ती काचेला डोकं टेकून हमसू लागली.

"रडू नका," बाई म्हणाल्या. "तुमचं रडणं मला आज बघवत नाही, आणि माफ करणंही आज जमायचं नाही. पुढचं पुढे."

त्यांनी मला परत बाहेर सरकवलं. घड्याळ बघितलं. शेजारच्या माणसाला खिडकी सांभाळायला सांगितली आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "नातवाचं पाळणाघर सुटायची वेळ झाली. आज मी जाते आणायला."

मित्रांनो, मी आता मशीनशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. येणारी-जाणारी विचारतात, किती गोड कॉस्च्यूम, कुणासाठी शिवलाय? मावशी काम थांबवते आणि सगळं सांगते, स्वतःच्या गप्प बसण्यासकट. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण तिने सांगणं थांबवावं असं मला वाटत नाही.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. उघड्या तलावात, नदीत, समुद्रात जाण्यासाठी कपडा घ्याल तेव्हा तो दिसतो कसा हे आरशाला विचारू नका. तो भिजवा, पाण्यात धरा आणि घरच्यांना लांब उभं राहून बघायला सांगा. सापडला नाही तर तो परत ठेवा, कितीही आवडला तरी. आणि काय घालून पाण्यात उतरताय, हे काठावर जे तुमच्यावर डोळा ठेवून उभे असतात त्यांना आधी दाखवा. ते गंमत म्हणून लपवू नका.

मी फार सुंदर शिवला गेलो होतो, मित्रांनो. मला लाज वाटते ती त्याचीच.