राखीव टेक

अकरा वाजून गेले होते, पाचला संगीतकार येणार होते, आणि तिला ती टिकटिक आत्ता कुठे ऐकू आली.

आधी वाटलं, भिंतीवरचं घड्याळ. पण या खोलीत घड्याळ ठेवतच नाहीत. मिक्सिंगची खोली ती, इथे पंखा लावायचीसुद्धा चोरी. तिने डोळे मिटून तुकडा पुन्हा लावला. सिनेमातल्या राणीची नाव धुक्यात शिरते, अख्खा ऑर्केस्ट्रा हळूहळू गप्प होतो आणि उरतो एकटा चेलो. त्या चेलोच्या पोटात, अगदी बारीक, टिक, टिक, टिक.

"अगं बाई गं," ती स्वतःशीच म्हणाली. तो चेलो तिच्या बाबांचा होता.

सिनेमात हे कुणाच्या बापाला कळलं नव्हतं. सिनेमा म्हणजे राक्षस, जळणारे बुरूज आणि दोन हजार घोडे. त्या गदारोळात टिकटिक काय, तोफ उडाली असती तरी खपली असती. पण आता नुसत्या संगीताचा अल्बम निघायचा होता. घोडे गेले, आगी विझल्या आणि बिचारा चेलो उघडा पडला.

टिकटिक कुठून आली हे तिला कुणी सांगायला नको होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी प्रत्येक वादकाच्या कानावर हेडफोन असतो आणि त्यात ठेका टिकटिकत असतो, म्हणजे शंभर माणसं पडद्यावरच्या चित्राबरोबर चालतात. हेडफोनचा आवाज अवाच्या सवा वाढवला की ती टिकटिक बाहेर सांडते आणि समोरचा माइक ती टिपतो. त्या दिवशी बाबांनी काचेपलीकडून बोट वर केलं होतं. वाढव. तिने वाढवला. पुन्हा बोट. पुन्हा वाढवला. तिसऱ्यांदा बोट वर झालं तेव्हा "काय एकेक चोचले म्हातारपणी!" असं पुटपुटत तिने बटण शेवटपर्यंत सरकवलं होतं. एवढा आवाज तिच्या कानात गेला असता तर ती किंचाळत उठली असती. आणि याचा अर्थ काय, हे या बाईच्या टाळक्यात शिरलं नाही! कानांचा पगार घेते म्हणे.

दोन तास ती टिकटिक खरवडत बसली. एक टिक काढावी तर तिच्याबरोबर सुराचाही टवका निघायचा. शेवटी चेलो दात पडलेल्या माणसासारखा बोलायला लागला, तेव्हा तिने सगळं होतं तसं परत ठेवलं आणि घरी फोन लावला. बाबांनी तासाभरात येऊन एवढा तुकडा पुन्हा वाजवून दिला तर सुटलो, असा तिचा हिशेब होता.

फोन आईने उचलला.

"बाबांना दे."

"मला सांग ना, मी सांगते त्यांना."

नेहमीचंच उत्तर. पण आज तिला ते खटकन लागलं. दोन वर्षांत बाबा फोनवर आलेच नव्हते.

"आई, बाबांना ऐकू किती येतं?"

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"डावा कान गेलाय," आई हळू आवाजात म्हणाली. "उजव्यापाशी जाऊन ओरडलं तर येतं. कुणाला बोलू नकोस, माझी शपथ आहे तुला. ऑर्केस्ट्रातली ती खुर्ची गेली तर हा माणूस अंथरूण धरेल. आणि आज तर सकाळपासून शर्टाला इस्त्री करून बसलेत, पाच वाजता तुझ्याकडे यायचंय म्हणून. चाळीस वर्षांत पहिल्यांदा नाव छापून येतंय गं त्यांचं."

फोन ठेवून ती रडली. चांगली ढसाढसा रडली, कारण रडायला त्या खोलीइतकी बंद खोली दुसरी नाही. पुन्हा वाजवायला बोलावून काय होणार होतं? तेवढाच मोठा आवाज लागणार, तीच टिकटिक सांडणार.

मग तिला राखीव टेक आठवला. ऑर्केस्ट्राची जुनी रीत आहे. एकट्याने वाजवायचा तुकडा मुख्य वादकाने वाजवला की शेजारच्या खुर्चीवरचाही एकदा वाजवून ठेवतो. न जाणो, लागला तर. तो कुणी ऐकत नाही. बाबांच्या शेजारी वीस वर्षं त्यांचाच शिष्य बसतो. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, पण सदा बाबांच्या मागे मागे, म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणतात.

तिने शेपटाचा टेक लावला. लख्ख स्वच्छ! गज ओढायची ढब हुबेहूब बाबांची. फरक एकच. शेवटचा सूर शेपूट लवकर सोडतो. वीस वर्षं बाबा त्याला त्यावरून झापत आलेत, "गाडी सुटतेय का रे तुझी?"

तिने शेपटाला फोन करून सगळं सांगितलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "वर्ष झालं, कुठून सुरुवात करायची ते मीच सरांना पायाने खुणावतो. माझा टेक लाव आणि नाव त्यांचंच राहू दे. मी कुठे बोंबलत फिरणार आहे?"

सुटलो, असं तिला वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. टेक बसवता बसवता तिने मनाशी एक वेडा नवस केला. बाबांना ओळखता येऊ दे. शेवटच्या सुराला ते ताडकन उठून "हा कोण गाढव वाजवतोय?" असं ओरडू देत. मग कान अजून शाबूत आहेत, आई उगाच घाबरलीय, आणि मग मी टिकटिकीसकट बाबांचाच टेक छापायला लावीन, संगीतकारांचे पाय धरावे लागले तरी चालेल.

पाचला संगीतकार आणि बाबा बरोबरच आले. बाबांचा शर्ट कडक इस्त्रीचा, केसांना पाणी लावून चोपून बसवलेले. तिने त्यांना बरोबर मधल्या खुर्चीत बसवलं आणि आवाज सोडला, जरा जास्तच मोठा.

नाव धुक्यात शिरली. ऑर्केस्ट्रा गप्प झाला. चेलो सुरू झाला तसे बाबांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर तारा दाबू लागली. ओरडा बाबा, ती मनात म्हणत होती. आता ओरडा. शेवटचा सूर आला आणि शेपटाने तो नेहमीसारखा लवकर सोडून दिला.

गुडघ्यावरचं बोट मात्र तो सूर अजून दाबून होतं.

बऱ्याच वेळाने बाबांनी डोळे उघडले.

"जमलंय की गं, ठमे," ते म्हणाले. "शेवटचा सूर कसा थांबलाय बघितलास? त्या शेपटाला ऐकव. म्हणावं, शीक जरा."

तिला तिथेच मरून जावंसं वाटलं.

संगीतकारांनी बाबांचा हात हातात घेतला. "पुढच्या महिन्यात दुसऱ्या भागाचं रेकॉर्डिंग. त्यात तर तुमच्यासाठी पाच तुकडे लिहिलेत!" मग त्यांनी मुखपृष्ठाचा कागद काढून तिच्यासमोर धरला. "चेलोपुढे बाबांचं नाव टाकतो. बरोबर ना?"

आईची शपथ तिला आठवली. तो इस्त्रीचा शर्टही समोर होता. आणि पुढच्या महिन्यातले पाच तुकडे दिसत होते, शंभर माणसांसमोर, वर वर होणारं ते बोट.

"नाही," ती म्हणाली.

संगीतकारांचं पेन थांबलं. बाबा मात्र हसतच होते, शर्टाची बाही सारखी करत. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. ती उठली, त्यांच्या उजव्या बाजूला गुडघे टेकून बसली, आणि कानापाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, "बाबा, हे तुम्ही वाजवलेलं नाही."