शिंग फुटलेली टपालवाली

दवाखान्यात टपालवालीने डोक्यावरचा रुमाल सोडला, तेव्हा सतरा वर्षं तिथे काढलेली सिस्टरही दिवा जवळ ओढून बघू लागली. उजव्या कानापासून टाळूपर्यंत तळहाताएवढा चट्टा होता, गुळगुळीत आणि बिनकेसांचा. ती चार वर्षांची असताना उकळत्या पाण्याचं पातेलं डोक्यावर कलंडलं होतं.

डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "मागचे केस मुळासकट काढून इथे लावता येतील. पण भाजलेल्या कातडीत रक्त कमी असतं, त्यामुळे सगळे धरतीलच असं नाही. दुसरा उपाय लांबचा आहे. शेजारच्या चांगल्या कातडीखाली रबरी पिशवी बसवायची आणि दर आठवड्याला तिच्यात थोडं थोडं पाणी भरायचं. कातडी ताणली, की चट्टा कापून ती त्या जागी ओढून घ्यायची. पण तीन महिने डोक्यावर टेंगूळ घेऊन फिरावं लागेल."

"रजा घ्यावी लागेल?"

"बरेच जण घेतात."

"मग माझं टपाल कोण वाटणार?" असं म्हणून तिने पिशवीच पसंत केली, पण रजेशिवाय.

पिशवी बसवली, जखम भरली आणि ती कामावर रुजू झाली. दर मंगळवारी सिस्टर सुई टोचून पाणी भरायची. कातडी तटतटायची, टपालवालीच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं, पण तोंडातून 'हूं' नाही. टेंगूळ नारळाएवढं झालं. त्यावर रुमाल बसेना, तेव्हा तिने तो घडी करून ठेवूनच दिला.

"लोक काही विचारत नाहीत का गं?" सिस्टरने एकदा न राहवून विचारलं.

"विचारतात ना! मी सांगते, शिंग फुटतंय, पत्ता नीट लिहीत चला."

सिस्टर इतकी हसली, की सुई बाजूला ठेवावी लागली. त्या दिवशी घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "अशी बाई मी पाहिली नाही."

सातव्या आठवड्यात कातडी लालसर दिसली. डॉक्टरबाईंनी पाणी थांबवून औषधं सुरू केली. "बिघडलं तर पिशवी काढावी लागेल," हेही स्पष्ट सांगितलं.  सिस्टर मग रोज तिच्या वाटेवर, नाक्यावर थांबून जागा तपासू लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाराव्या दिवशी लाली उतरली आणि मंगळवारचं पाणी पुन्हा सुरू झालं.

शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. चट्टा निघाला आणि केसाळ कातडी बरोबर त्या जागी येऊन बसली. डॉक्टरबाईंनी एकेक टाका असा घातला, की सिस्टर श्वास रोखून बघत राहिली. कानाजवळ बोटभर जागा उरली होती. तिथे पुढे मागच्या केसांची मुळं लावली आणि त्यातली बरीचशी धरली.

वर्षभराने टपालवाली तपासणीला आली, ती मानेवर केस मोकळे सोडून. डॉक्टरबाई खूश होऊन बाहेर गेल्या, तशी ती सिस्टरजवळ सरकली.

"एक सांगू? हसू नका. मला भांग पाडता येत नाही. कधी पाडलाच नाही."

सिस्टरने तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतःच्या पर्समधली फणी काढली.

"डावीकडे पाडू की उजवीकडे?"

टपालवालीने खुर्ची आरशाकडे वळवली.

"आधी उजवीकडे. मग डावीकडे. दोन्ही बघू."