मोरपंखी साडीचं युद्ध

सदाशिवरावांनी युद्ध पुकारलं तेव्हा विमलताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. युद्धाचं कारण त्यांच्याच तोंडून निघालं होतं. खरं सांगायचं तर फार काही निघालं नव्हतं, नुसतं "हूं" निघालं होतं.

झालं असं. चिंचधरा गावात दोन वर्षांपासून रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. त्यावर उपाय म्हणून लोक वावराभोवती जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यानं साडी हलली की डुकराला वाटतं माणूस उभा आहे. निदान लोकांना तसं वाटतं, डुकरांना कोणी विचारलेलं नाही. सदाशिवरावांच्या हरभऱ्याभोवती छत्तीस साड्या होत्या. रात्रभर सोसाट्याचा वारा सुटला होता, आणि त्या दिवशी सकाळी त्यांनी मोजल्या तर एकोणतीस भरल्या. मग त्यांची नजर नाल्यापलीकडे गेली.

नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा, आणि तांड्याच्या अलीकडे देवीलालचं वावर. देवीलाल म्हणजे गावाचा आणि तांड्याचा मिळून असलेला सरपंच. गेल्या वर्षी त्यानं सदाशिवरावांना अकरा मतांनी पाडलं होतं, आणि तेव्हापासून सदाशिवराव त्या दिशेला बघायचंही टाळत. त्या दिवशी मात्र बघितलं. देवीलालच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, एक मोरपंखी साडी फडफडत होती. पिवळा काठ, काठावर पोपट. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा यवतमाळच्या दुकानातून, आयुष्यात पहिल्यांदा भाव न करता, त्यांनी बायकोसाठी आणलेली ती साडी होती.

ते तरातरा घरी आले. "नयनची माय, तुही थे पोपटाची साडी आपल्या धुऱ्यावर बांधली होती ना?"

आता खरी गोष्ट अशी की दिवाळीच्या आवराआवरीत विमलताईंनी ती साडी दारावर आलेल्या भांडेवालीला दिली होती आणि झाकणाची कढई घेतली होती. त्यांना ती साडी कधी आवडलीच नव्हती. पण नवऱ्यानं हौसेनं आणलेली वस्तू कढईवर घालवली, हे सांगायचं कसं? धुऱ्यावर बांधली म्हटलं तर निदान घरच्या हरभऱ्याची राखण तरी करत होती असं होतं. म्हणून त्या शेंगांकडे बघत म्हणाल्या, "हूं."

तेवढं पुरे झालं. सदाशिवराव निवडणूक हरल्यापासून दिवसभर टीव्हीपुढे बसून कुठल्या ना कुठल्या देशाच्या युद्धावरची चर्चा ऐकत. लष्करातून रिटायर झालेले मिशाळ साहेब नकाशावर काठी ठेवून बोलत आणि हे मान डोलवत. ते सगळं ज्ञान आता कामी आलं. मारुतीच्या पारावर माणसं जमवून त्यांनी सांगितलं, "आज साड्या नेल्या, उद्या हरभरा नेतीन. त्यायनं हात उचलायच्या आधी आपण उचलला पाह्यजे."

श्रीकृष्ण हा शंकेखोर माणूस. तो म्हणाला, "पण भाऊ, साडी तं एकच दिसली."

"एक दिसली," सदाशिवराव म्हणाले. "ज्या नाही दिसल्या त्या किती असतीन, इचार कर."

सगळ्यांनी विचार केला आणि सगळे हादरले.

पहिल्या दिवशी अकरा माणसं ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन नाला ओलांडून गेली आणि देवीलालच्या धुऱ्यावरच्या बेचाळीस साड्या उतरवून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी भरदुपारी, चिंचधऱ्याची फौज घरी जेवायला बसली असताना, तांड्याच्या बाया आल्या आणि श्रीकृष्ण-गोपाल या दोघा भावांची वावरं मोकळी करून गेल्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी इतकी चढाई झाली की नाल्याच्या अल्याड-पल्याड एकाही धुऱ्यावर चिंधी उरली नाही. डुकरांनी मात्र कोणाचीच बाजू घेतली नाही. दोन्हीकडचा हरभरा त्यांनी सारख्याच आवडीनं खाल्ला.

आणि विमलताई? खोटं कशाला बोला, त्यांना मजा येत होती. गावातल्या बाया ती साडी कशी होती हे विचारायला यायच्या. त्या सांगायच्या, आणि दर वेळी थोडं जास्त सांगायच्या. तिसऱ्या दिवसापर्यंत काठावरच्या पोपटांना जरीचे डोळे आले होते. वर्षभर तोंड पाडून बसलेला नवरा पहाटे उठत होता, एक भाकर जास्त खात होता, "तुले काय वाट्टे?" असं विचारत होता. नऊ वर्षं एकमेकांशी न बोललेले श्रीकृष्ण आणि गोपाल एकाच ट्रॉलीत बसून साड्यांच्या घड्या घालत होते. खोटं बोलल्याचं विमलताईंना वाईट वाटत होतं, पण ते रोज थोडं थोडं कमी वाटत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सदाशिवरावांनी एक कागद आणला.

"चार वाजता घाटंजीहून जमादार येऊन राह्यला. चोरीची तक्रार देऊन राह्यलो आपण. तू साडी ओळखाची आन सही कराची."

विमलताईंनी कागद वाचला. आरोपी म्हणून दोन नावं होती. पहिलं देवीलालचं, दुसरं त्याच्या मुलीचं, सुरभीचं. धुऱ्यावर साड्या बांधताना गोपालनं तिलाच पाहिलं होतं म्हणे.

सुरभी पोलीस भरतीची तयारी करत होती. तयारी काय, झालीच होती. मैदान निघालं, लेखी निघाली, आता फक्त चारित्र्याची पडताळणी राहिली होती. दोन वर्षं ती रोज सकाळी याच रस्त्यानं धावायची, आणि परत जाताना विमलताईंच्या फाटकाशी थांबून म्हणायची, "काकू, पाणी द्या ना." गेले चार दिवस ती आलेली नव्हती. विमलताईंच्या हे आत्ता ध्यानात आलं. नावावर चोरीची तक्रार असलेल्या मुलीला पोलिसात कोण घेणार?

त्यांनी कागद खाली ठेवला. "अवो, साडी कोणी नेली नाही. म्या भांडेवालीले देल्ली."

सदाशिवरावांनी कागद उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "कायच्या बदल्यात?"

"कढईच्या."

त्यांचा चेहरा असा उतरला की विमलताईंना वाटलं, युद्ध राहिलं बाजूला, याच माणसाची आधी समजूत काढावी. पण ते लगेच सावरले. वर्षभराचा टीव्ही वाया जाणार नव्हता.

"हे पाय," ते म्हणाले, "साडी निस्तं निमित्त हाय. गेल्या हंगामात त्यायनं वावराभोवती झटका मशीन लावली, तारेत करंट सोडला आन मशीन जळेपर्यंत सारे डुकरं आपल्याकडं लोटले. खरं हाय का नाही?"

"खरं हाय."

"झालं मग! युद्ध बराबरच हाय. फकत कारण चुकलं."

"मग अर्जात झटका मशीनचं लिवा."

"मशीन लावणं गुन्हा थोडीच हाय?"

"आन साडी चोरणं गुन्हा हाय, पण थे तं त्यायनं चोरली नाही."

सदाशिवरावांनी यावर डोकं खाजवलं. मिशाळ साहेबांपुढे असा प्रश्न कोणी टाकला नव्हता.

"त्या पोरीची नोकरी जाईन," विमलताई म्हणाल्या.

"युद्धात थोडंबहुत नुकसान होतेच."

"मग आपल्या नयनचं होऊ द्या. लोहाऱ्याच्या कंपनीत कळवा, तुमचा माणूस चोर हाय म्हना."

नयन त्यांचा एकुलता एक मुलगा, यवतमाळजवळ लोहारा इथं नोकरीला. सदाशिवरावांनी टोपी उचलली. चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "गावापुढं माही इज्जत हाय. चार वाजता ये. जास्त बोलाचं काम नाही, निस्तं हूं म्हन."

चार वाजता पारावर अख्खा गाव लोटला होता. अश्वजित जमादार प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्यापुढे मुद्देमाल म्हणून साड्यांचा ढीग होता, माणूसभर उंच. कडुलिंबाखाली देवीलाल उभा होता. शेजारी सुरभी, हात मागे बांधून, कवायतीत उभं राहावं तशी ताठ.

जमादारांनी मोरपंखी साडी वर उचलली. "काकू, ही तुमचीच का?"

"माहीच."

"चोरीला गेली होती?"

सदाशिवराव विमलताईंकडे बघत होते. गाव बघत होतं. विमलताईंना मनापासून वाटत होतं की धरणी दुभंगली तर बरं. धरणीला काही पडलेलं नव्हतं.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "म्या सोताच्या हातानं भांडेवालीले देल्ली. कढई घेतली."

गावाच्या माना सदाशिवरावांकडे वळल्या. मग सुरभी म्हणाली, "सर, आम्ही घाटंजीच्या बाजारातून जुन्या साड्यांचा गठ्ठा आणलता. त्यातच असंल."

जमादार अनुभवी होते. त्यांनी ढिगातून दुसरी साडी ओढली. जांभळी, बुट्ट्यांची. "मग ही कोणाची?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी गोपालची बायको शोभा पदर सावरत म्हणाली, "माही हाय. पातेलं घेतलं."

"अवं, थे माह्या मायनं देल्ली होती तुले!" गोपाल ओरडला.

"म्हणून तं देल्ली," शोभा म्हणाली.

मग काय, धरणच फुटलं. "हिरवी माही, दोन गंज घेतले." "थे गुलाबी माही, पण माह्या नवऱ्याले सांगू नोका." नवरा शेजारीच उभा होता. देवीलालच्या धुऱ्यावरून जप्त केलेल्या बेचाळीस साड्यांपैकी एकोणीस चिंचधऱ्याच्याच निघाल्या, आणि सगळ्यांच्या बदल्यात घरोघरी लखलखीत भांडी आलेली होती. नाल्यावरचं युद्ध तिथल्या तिथे संपलं आणि घराघरांत सुरू झालं.

जमादारांनी डायरी मिटली. "यात मी गुन्हा कोणता लिहू?" असं म्हणून ते चहाला उठले.

पण सदाशिवराव हार मानणाऱ्यातले नव्हते. पारावर चढून म्हणाले, "थांबा! कारण चुकलं असंन, म्या मानतो. पण या चार दिवसात गाव एक झालं. दोन भाऊ बोलाले लागले. बोंब ऐकून फॉरेस्टवाला आला आन जाळीच्या कुंपणाचे फॉर्म भरून घेऊन गेला. दोन वर्षं अर्ज करून झालं नव्हतं थे झालं. मंग सांगा, युद्ध वाया गेलं का?"

काही माना डोलल्या. खुद्द देवीलालही म्हणाला, "फॉर्मचं खरं हाय, भाऊ. माहाबी भरला." सदाशिवरावांची छाती थोडी फुगली.

"पण चार दिवस तुमच्या गावातले लेकरं मले पाहून साडीचोर म्हणून राह्यले," देवीलाल शांतपणे म्हणाला. "म्या सरपंच हाव. तरी एकानंबी घरी येऊन इचारलं नाही का देवीलाल, हे साडी कुठून आणली. तांड्यावरचा माणूस म्हणल्यावर इचारायची गरजच नाही पडली. त्याचा फॉर्म कोणाकडं भरू?"

सदाशिवराव उघडलेलं तोंड मिटून खाली उतरले. थोड्या वेळानं ते देवीलालजवळ गेले, काहीतरी पुटपुटले, आणि त्याच्या वावरावर साड्या बांधून द्यायला उद्या स्वतः येतो असं म्हणाले. देवीलाल "या" म्हणाला. त्याहून जास्त काही म्हणाला नाही.

माणसं पांगली. बाया ढिगातून साड्या निवडायला बसल्या. एक लांबलचक नऊवारी एकट्या विमलताईंना आवरेना, तेव्हा दुसरं टोक सुरभीनं येऊन धरलं. दोघी घड्या घालत जवळ आल्या.

"बरं झालं, काकू, बोलल्या," सुरभी म्हणाली. "नाहीतं माहं सगळं गेलं असतं."

विमलताईंना एकदम हलकं वाटलं. डोळे भरून आले. आपण इतक्या काही वाईट नाही, असं त्यांना चार दिवसांत पहिल्यांदा वाटलं.

"एक इचारू?" सुरभीचा आवाज साधाच होता. त्यात राग नव्हता, आणि राग असता तर विमलताईंना सोपं गेलं असतं. "त्या कागदावर माहं नाव नसतं, निस्तं माह्या बाबाचं असतं, तरी बोलल्या असत्या का?"

अर्थातच, असं म्हणायला विमलताईंनी तोंड उघडलं. शब्द ओठांवर आला होता. तिसऱ्या दिवशी पोपटांना जरीचे डोळे लावताना आला होता तितक्याच सहज आला होता, आणि म्हणूनच त्यांना त्याची भीती वाटली.

"मले नाही माहीत, बाई," त्या म्हणाल्या.

सुरभीनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, साडीचं आपल्या हातातलं टोक त्यांच्या हातात दिलं आणि बाबाच्या मागे नाल्याकडे निघून गेली.