पुसलेली बरोबर उत्तरं

मी खोडरबर बोलतोय. हो, तोच, एका टोकाला झिजलेला आणि दुसऱ्या टोकाला दातांनी कुरतडलेला. एके काळी पांढराशुभ्र होतो, पण रूपाचा तोरा दुकानाच्या बरणीतच संपला. बबडीच्या हाती लागलो आणि माझी पार रया गेली.

बबडी म्हणजे बेकरीवाल्याची धाकटी. शाळा सुटली की वाचनालयाच्या मागच्या खोलीत अभ्यासाला यायची. काय पुसायची हो ती! चूक पुसली तर ठीक, माझा धंदाच तो. पण ही बया बरोबर उत्तरंही पुसायची. लिहायची, इकडेतिकडे बघायची आणि 'चुकलंच असेल' म्हणून मला घासायची. परीक्षेतही कोरा कागद! शाळेनं बजावलं, यंदा नापास झाली तर त्याच वर्गात बसेल. तिचे बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "हिच्या डोक्यात काही शिरतच नाही." खरं काय ते मला ठाऊक होतं, पण माझं ऐकतो कोण?

त्या खोलीत कंडक्टरताई शिकवायला यायची. बसवरची ड्युटी संपली की तडक, गणवेशातच. पगार नाही, मानधन नाही, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासातला. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, तरी दारातूनच ओरडायची, "चला, पुढे सरका, मला बसायला जागा द्या!" पोरं खिदळायची. अशी माणसं शोधून सापडत नाहीत.

एका संध्याकाळी तिनं बबडीची कोरी वही उचलली. रागावली नाही. खिडकीशी जाऊन पान तिरकं धरलं. उन्हात पेन्सिलीचे दबलेले आकडे दिसू लागले.

"अगं, हे बरोबर. हेही बरोबर! बबडे, पुसलंस कशाला?"

"चुकलं असतं तर सगळे हसले असते."

"मग हसू देत की! मी भर बसमध्ये भलताच स्टॉप पुकारते. अख्खी बस हसते. मीही हसते आणि परत पुकारते."

तिनं मला उचलून खिशात टाकलं. "याला सुट्टी. चुकलं तर एक रेघ मार आणि खाली पुन्हा लिही."

खरं सांगतो, मला भयंकर राग आला. पोटावरच पाय दिला की माझ्या! बबडी तर रडली. पण ताई रोज तिच्या शेजारी बसून स्वतः गणितं सोडवायची आणि चुकली की ठसठशीत रेघ मारायची. हळूहळू पोरीची भीड चेपली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ताईनं मला बबडीच्या हातावर ठेवलं. "हवा तर ने. तुझं तू ठरव."

पेपरभर मी बबडीच्या डाव्या मुठीत, घामानं चिंब. मध्येच मूठ उघडली. म्हटलं, झालं, आली आपली पाळी! पण तिनं मला बाकावर ठेवलं, उत्तरावर एक रेघ मारली आणि खाली नवं लिहिलं. बेकार झाल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

बबडी पास झाली. बाबा ताज्या पावांची पिशवी घेऊन खोलीत आले आणि मान खाली घालून उभे राहिले.

"ताई, मी हिला सगळ्यांसमोर नको ते बोललो."

ताईनं पिशवी घेतली आणि म्हणाली, "दादा, मग एक रेघ मारा आणि खाली पुन्हा लिहा."

बाबांनी बबडीला जवळ ओढलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी पोरगी हुशार आहे."

आता मी त्याच खिडकीत पडून असतो, अर्धा उरलोय. पोरांनो, मला जरूर वापरा. फक्त त्याआधी पान एकदा उजेडात धरून बघा.