साडेतीन पौंडांचा चाप

स्पर्धेआधी हत्यारं तपासणाऱ्या लोवेलने माझं रिकामं पिस्तूल नळी वर करून धरलं, चापाला वजन अडकवलं आणि सावकाश उचललं. वजन टेबलावरून सुटायच्या आतच घोडा टक्कन पडला. आमच्या स्पर्धेत चापाने साडेतीन पौंड पेलायला हवेत. माझ्या चापाने दोनसुद्धा पेलले नाहीत.

“वर्ना, हा चाप आहे की लोणी?” लोवेलने विचारलं. रांगेतले हसले. माझा नवरा डेलमर तेवढा हसला नाही.

आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन माझा उजवा हात लुळा पडला होता. पुढे तो हलायला लागला, पण बोटांत जोर म्हणून नव्हता. वडिलांचं हे फौजेतलं पिस्तूल घेऊन मी तरुणपणापासून पेनसिल्व्हेनियातल्या या नेमबाजीच्या क्लबात उभी राहत आले, आणि मला पुन्हा एकदा तिथे उभं राहायचं होतं. डेलमर पोलाद कारखान्यातला फिटर. हिवाळाभर त्याने स्वयंपाकघराचं टेबल अडवलं. माझ्या बोटांजोगी मूठ घासली, गोळी भरताना पिस्तुलाचा वरचा भाग मला मागे ओढता यावा म्हणून मोठी स्प्रिंग बदलून हलकी घातली. चाप मात्र मायेपोटी नको तेवढा सैल केला. लोवेल आपलाच माणूस, काणाडोळा करील, असं त्याने धरून ठेवलं होतं. लोवेल कसला करतोय! स्पर्धा सुरू व्हायच्या आत नीट करून आणा, नाहीतर बसून बघा, म्हणाला.

आमच्या ट्रकच्या फळीवर डेलमरने पिस्तूल उघडलं आणि चापामागची चपटी स्प्रिंग पुन्हा वाकवून कडक केली.

“आता हे तुला ओढवणार नाही,” तो खाली बघतच म्हणाला.

“नाही ओढवलं तर नाही. पण ते माझं मला कळू दे. तू आधीच ठरवू नकोस.”

या खेपेला चापाने वजन पेललं. मी रेषेवर उभी राहिले. दहापैकी सहाच बार सुटले आणि वेळ संपली. निकालात मी शेवटची. लोवेलने माझं नावही इतरांइतक्याच मोठ्याने वाचलं.

वर्षभर डेलमरने माझ्यासाठी सगळं हलकं करून ठेवलं, त्याचे उपकार आहेतच. पण त्या दिवशी त्याने चाप जड करून हातात दिला, त्याचे मला जास्त वाटतात.

बाहेर वारा बोचत होता. डेलमर सवयीने माझ्या कोटाची बटणं लावायला पुढे आला आणि मध्येच थांबला. मग हात खिशात घालून, माझी मी बटणं लावेपर्यंत थंडीत उभा राहिला.